नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, तीच राहते. एकापासून नऊपर्यंत चढत जाते आणि नवापासून एकापर्यंत तशीच उतरते. अंक सतरा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची नावं एक, दश, शत अशी सुरू होऊन परार्धापाशी थांबतात. त्या मोजणीत आपल्या संख्येतला अगदी डावीकडचा १ ‘मध्य’ या स्थानावर बसतो, म्हणजे परार्धाच्या एकच घर अलीकडे. आजच्या भाषेत ती १२३ कोटी कोटींच्या थोडी वर जाते.

मोबाइलवर ती अधूनमधून ‘गणितातली जादू’ म्हणून फिरत असते आणि सोबत एक ओळ असते: नऊ एक लिहा, त्या संख्येला तिनेच गुणा, हे उत्तर येईल. गुणाकार बरोबर आहे. १११११११११ चा वर्ग खरोखरच १२३४५६७८९८७६५४३२१ आहे. पण जादू म्हणून सोडून दिलं, की या संख्येतलं सर्वांत चांगलं तेच हातचं जातं. ती अशी का दिसते, हे प्राथमिक शाळेतल्या गुणाकारातून पूर्ण समजतं, आणि ते समजलं की पुढची बरीच दारं आपोआप उघडतात.

सुरुवात लहान संख्यांपासून करू. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. हा शेवटचा गुणाकार कागदावर मांडायचा, तर चार ओळी लिहाव्या लागतात. चारही ओळींत ११११ च येतं, फक्त प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. म्हणजे बेरीज होते ती अशी:

११११ + ११११० + ११११०० + ११११०००

आता उभे रकाने पाहा. एकं स्थानच्या रकान्यात फक्त एक १ आहे. दहं स्थानी दोन, शतं स्थानी तीन, सहस्र स्थानी चार. चारही ओळींतले एक इथे एकाखाली एक येतात. त्याच्या डावीकडे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून तीन, मग दोन, मग एक. १२३४३२१ या उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यात किती एक साठले, याची मोजणी आहे. गुणाकार म्हणून तो अवघड दिसतो. खरं तर त्यात मोजण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

नऊ एकांच्या वेळी ओळी नऊ होतात आणि मधल्या रकान्यात नऊ एक साठतात. नऊ हा आपल्याकडचा सर्वांत मोठा अंक. रकाना काठोकाठ भरतो, पण उतू जात नाही. हातचा एकदाही घ्यावा लागत नाही. रकान्यांमधली मोजणी दोन्ही बाजूंनी सारखी असणं हे ओळींच्या मांडणीतच आहे. ते दहा, वीस, शंभर एकांच्या वेळीही तसंच राहतं. बिघडवतो तो हातचा, कारण तो नेहमी एकाच बाजूला, डावीकडे जातो. जोवर तो येत नाही, तोवर संख्या दोन्हीकडून सारखी वाचता येते. नऊ एक ही त्याची शेवटची मर्यादा.

ही घडण फार जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्यांनी लिहिलेल्या ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी म्हणून येते. ती सहा एकांचा वर्ग आहे. विसाव्या शतकात या कुटुंबाला नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर गेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं. एकांच्या या वर्गांना कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तेच आजचं डोंबिवली मानलं जातं. तिथे ही कल्पना त्यांना सुचली.

डेम्लो संख्येची कापरेकरांना भावलेली खूण अशी: मधला अंक सोडून डावा आणि उजवा भाग घ्या आणि त्यांची बेरीज करा. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४ होतात, आणि मध्ये बसलेला अंकही ४ च आहे. आपल्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळून ९९९९९९९९ होतात, मध्ये ९. इथेही हातचा येत नाही: एक आणि आठ, दोन आणि सात, तीन आणि सहा, प्रत्येक जोडी नवावर थांबते.

आता अंकांची बेरीज करू. एकापासून आठपर्यंतची बेरीज ३६, उतरणीवर पुन्हा ३६, मधले ९, एकूण ८१. मूळ संख्या नऊ एकांची, म्हणजे तिच्या अंकांची बेरीज ९. आणि ९ चा वर्ग ८१! हा योगायोग नाही. मांडणीत नऊ ओळी होत्या, प्रत्येकीत नऊ एक होते, म्हणजे कागदावर एकूण ८१ एक लिहिले गेले. हातचा आला नाही, म्हणून ते सगळे उत्तराच्या अंकांमध्ये जसेच्या तसे उतरले.

हातचा आला असता, तर काय झालं असतं? एखाद्या रकान्यात दहा साठले की आपण तिथे शून्य ठेवतो आणि शेजारी एक देतो. दहाच्या जागी एक आला; अंकांच्या बेरजेतून बरोबर नऊ गेले. प्रत्येक हातचा नऊ खातो, नवापेक्षा कमी नाही आणि जास्तही नाही. शाळेत शिकवलेली नवाची कसोटी, ‘अंकांच्या बेरजेला नवाने भाग गेला तर संख्येलाही जातो’, ती याच्यावरच उभी आहे. हातच्याने अंकांची बेरीज बदलते, पण नेहमी नवाच्या पटीतच बदलते. त्यामुळे नवाने भागल्यावर उरणारी बाकी कायम राहते. ही कसोटी नुसती पाठ करून पुढे गेलेल्या प्रत्येक मुलाला हे एवढं एकदा दाखवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दोन मिनिटांचं काम आहे.

८१ मध्ये अजून एक गंमत आहे. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने भाग जातो. म्हणजे आपली संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ हे नाव दिलं. एक ते नऊ एकांच्या वर्गांमध्ये हा गुण तिघांतच आढळतो: १, १२३२१ आणि आपली संख्या, म्हणजे एक, तीन आणि नऊ एकांचे वर्ग. दोन, चार, सहा, आठ एकांच्या वर्गांत अंकांची बेरीज सम येते आणि संख्या विषम असते. पाच एकांत बेरीज २५, आणि शेवटी १ असलेल्या संख्येला २५ ने भाग जाणार कसा? सात एकांत बेरीज ४९ येते, पण सात एकांच्या संख्येचे अवयव २३९ आणि ४६४९ आहेत, सात त्यात नाही.

इथवर जे पाहिलं ते सगळं दशमान लिहिण्याच्या पद्धतीशी बांधलेलं आहे. आपण दहाऐवजी बाराच्या आधाराने मोजत असतो, तर हा चढउतार अकरा एकांपर्यंत टिकला असता. संख्येच्या लेखनाशी ज्याचा संबंध नाही, असं तिचं स्वतःचं काय आहे? ते तिच्या अवयवांत सापडतं.

नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले तर १११ १११ १११ दिसतं. म्हणजे १११ × १००१००१. यातल्या १११ चे अवयव ३ आणि ३७. आणि १००१००१ मध्ये अंकांची बेरीज ३, म्हणून तीनने भाग जातो: ३ × ३३३६६७. एकत्र केलं की

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

प्रश्न उरतो तो ३३३६६७ चा. ही मूळ संख्या आहे का? सरळ मार्ग म्हणजे तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणं. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, म्हणून ५७७ पर्यंत जावं लागेल. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार कागदावर करणं शक्य आहे, पण थोडा विचार केला तर त्यातले बहुतेक टळतात, आणि हा टाळण्याचा रस्ता मला या संख्येतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

समजा, एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागेल. म्हणजे दहाच्या नवव्या घाताला तिने भागलं, तर बाकी १ उरेल. दहाच्या घातांच्या बाक्या फेर धरून येतात. १ आला की तोच क्रम पुन्हा सुरू होतो. नवव्या पायरीला १ येतो, म्हणजे फेराची लांबी नवाला भागणारी हवी: १, ३ किंवा ९. लांबी १ असेल, तर ती मूळ संख्या ९ ला भागते, म्हणजे ती ३ आहे. लांबी ३ असेल, तर ती ९९९ ला भागते, म्हणजे ती ३७ आहे. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तेव्हा ३ बाद. आणि ३७ ने भागलं तर बाकी १ उरते, तीही बाद. उरली लांबी ९. फर्मा यांचा सतराव्या शतकातला नियम सांगतो की हा फेर मूळ संख्येहून एकाने कमी असलेल्या संख्येला नेहमी भागतो. म्हणून आपल्या संशयितातून १ वजा केला की उत्तराला ९ ने भाग जायला हवा, आणि संशयित विषम असल्याने २ नेही. म्हणजे १८ ने.

आता १८ च्या पटीत एक मिळवून आलेल्या मूळ संख्या शोधा: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा. त्यातली ३७ आधीच बाद झाली. उरलेले सोळा भागाकार दुपारच्या चहाआधी उरकतात. १९ ने भागलं तर बाकी ८, १०९ ने १८, १२७ ने ३८. १६३ अगदी जवळ येते, बाकी फक्त ६. ५२३ तर सातने चुकते. एकीनेही पूर्ण भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

याच विचारातून अजून एक गोष्ट हाती लागते. एखाद्या मूळ संख्येने १ ला भागलं की येणारा आवर्ती अपूर्णांक किती अंकांनी पुन्हा सुरू होतो, ते वरच्या फेराच्या लांबीवर ठरतं. १/३ चं आवर्तन एका अंकाचं, १/३७ = ०.०२७०२७०२७… चं तीन अंकांचं. आणि १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७… चं नऊ अंकांचं. ज्या मूळ संख्येचं आवर्तन नऊ अंकांचं आहे, तिला ९९९९९९९९९ चा अवयव असावंच लागतं, आणि त्याचे मूळ अवयव तीनच आहेत: ३, ३७, ३३३६६७. म्हणून सगळ्या मूळ संख्यांमध्ये, त्या अगणित असल्या तरी, नऊ अंकी आवर्तन असलेली ही एकटीच.

आपल्या मोठ्या संख्येचे अवयव आता सरळ लिहिता येतात: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. लेखनपद्धती कुठलीही वापरा, हे पंचेचाळीस बदलणार नाहीत.

या अवयवांत १२३४५६७९ ही आणखी एक संख्या दडली आहे. ३७ × ३३३६६७ एवढी ती भरते, आणि तिला ९ ने गुणलं की नऊ एक मिळतात. नीट पाहा, तिच्यात ८ नाही. हा आठ गेला कुठे, याचं उत्तरही हातच्यातच आहे. १/९ म्हणजे ०.११११…, न संपणारे एक. त्याचा वर्ग १/८१. हा वर्ग आधीच्याच रीतीने मांडला, तर दशांश चिन्हापुढच्या रकान्यांत ०, १, २, ३ असे एक साठत जातात, पण इथे उतरण नाही. ओळी संपतच नाहीत. आठनंतर नऊ, मग दहा, मग अकरा. दहाच्या रकान्यातून हातचा नऊकडे जातो, नऊचे दहा होतात. तिथून हातचा आठकडे जातो, आठचे नऊ होतात. म्हणून १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आठ हरवत नाही, शेजाऱ्याच्या हातच्याने त्याचा नऊ होतो.

तीच घटना दहा एकांच्या वर्गात घडते. १११११११११११११ सारख्या लांब रांगा डोळ्यांना फसवतात, म्हणून मोजून दहा एक घ्या: ११११११११११. मधल्या रकान्यात दहा साठतात, हातचा सरकतो, डाव्या बाजूचा नऊ आणि आठ बदलतो, आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी उतरण शाबूत, डावी चढण मोडलेली. कागदावर शंभर एक होते, हातचे दोन आले, दोनदा नऊ गेले. अंकांची बेरीज ८२. सममिती गेली, हर्षदपणही गेलं.

इंग्लंडचे जी. एच. हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात अंकांच्या अशा गुणधर्मांना गणिताच्या दृष्टीने फारसं मोल नाही असं म्हटलं होतं, आणि कापरेकरांच्या कामाकडेही पुष्कळदा याच नजरेने पाहिलं गेलं. मला ते पटत नाही. अंकांच्या मांडणीचा माग काढताना आपण बाकी, फेर, मूळ संख्या यांच्यापर्यंत पोचलो, आणि ते नक्कीच खरं गणित आहे. दहा एकांच्या मोडलेल्या वर्गाकडेच पुन्हा पाहू.

त्यासाठी कापरेकरांच्या नावाने ओळखली जाणारी संख्यांची आणखी एक जात माहीत हवी. ४५ चा वर्ग २०२५; दोन भाग करा, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. वर्गाचे दोन तुकडे जोडले की सुरुवातीची संख्या परत मिळते. उजव्या तुकड्यात सुरुवातीच्या संख्येइतके अंक घ्यायचे. हे आपल्या कुटुंबावर करून पाहा. १२१: १ + २१ = २२, म्हणजे ११ ची दुप्पट. १२३२१: १२ + ३२१ = ३३३, तिप्पट. १२३४३२१: १२३ + ४३२१ = ४४४४, चौपट. नऊ एकांना १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९, नऊपट. दहा एकांना काय येईल?

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. एकपट! दहा एकांची संख्या कापरेकर संख्या आहे.

कारण असं. वर्गाचे दोन तुकडे करून जोडले की जो फरक पडतो तो नेहमी ९९९…९ च्या पटीत असतो, हातच्याने नऊ जातात तसाच, फक्त मोठ्या गटांचा. आणि इथले ९९९…९ म्हणजे सुरुवातीच्या संख्येची नऊपट. त्या संख्येत जितके एक आहेत, तितकीच बाकी तिला ९ ने भागल्यावर उरते, नऊ पूर्ण झाले की सोडून द्यायचे. म्हणून तुकड्यांची बेरीज एकांच्या संख्येइतकी पट होते: दोन, तीन, चार, नऊपर्यंत. दहाव्या वेळी दहापट यायची, पण नऊपट गळून पडते आणि एकपट उरते. अकरा एकांना पुन्हा दुप्पट, बारांना तिप्पट. एकपट पुन्हा येते ती एकोणीस एकांना, आणि त्यानंतर अठ्ठावीस एकांना.